ईसीजी नॉर्मल आल्यानंतर

चिंचवड,
गुरुवार, सुट्टीचा दिवस

प्रिय शैले,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. "कॅज्युअल्टी सोडून चाकणला कंपनीत गेलीस, म्हणजे आता बोटांना पट्ट्या बांधायच्या आणि पोटदुखीच्या गोळ्या वाटायच्या, मजा आहे बुवा एका माणसाची!" असं म्हणून तू जी हसलीस, ते ऐकून सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. कोण गं ही एवढी खिदळणारी? म्हटलं, स्टुटगार्टची सिस्टर आहे, तिकडे वॉर्डात हसायची सोय नाही म्हणून इकडे हसून घेते.

पट्ट्या बांधते, नाही कशाला म्हणू? गोळ्याही वाटते. पण माझा खरा वेळ खातो तो वेगळाच पेशंट. त्याला पट्टी लागत नाही आणि टाकाही लागत नाही. चांगला धडधाकट पोरगा मशीनवर उभा असतो, एकाएकी घामाघूम होतो, छाती धरून खाली बसतो, "सिस्टर, मी चाललो" म्हणतो आणि तासाभरात स्वतःच्या पायांनी घरी जातो. पॅनिक अ‍ॅटॅक. पुढच्या महिन्यात नवीन नर्स मुलींना आणि लाइनच्या सुपरवायझरांना हा विषय मलाच शिकवायचाय. तेव्हा रंगीत तालीम तुझ्यावर. चहा घेऊन बस.

आपण शिकत होतो तेव्हाचं चाकण आठवतं ना? कांद्याचा बाजार आणि नाशिकला जाताना लागणारा चौक, एवढंच. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, मर्सिडीज आली, महिंद्रा आली, आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांची रांगच लागली. आता म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, जिकडे बघावं तिकडे शेड. आणि शेडमध्ये लातूर, नांदेड, बुलढाणा, जळगावची पोरं, बिहार-ओडिशाची पोरं. आयटीआय करून आलेली, ठेकेदाराच्या हजेरीवरची, कॉट बेसिसवर एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी. माझे वडील एचएमध्ये, म्हणजे पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, लागले तेव्हा घरात पेढे वाटले होते, कारण एचए किंवा टेल्कोत एकदा चिकटला की माणूस रिटायर होऊनच बाहेर पडायचा. या पोरांना ऑर्डर कमी झाली की "उद्यापासून येऊ नको" हे फोनवर कळतं. २०१९ च्या मंदीत ब्लॉक क्लोजर, म्हणजे काही काही दिवस कारखाना बंद, सुरू झाले, तेव्हाची धास्ती तर अजून लोकांच्या बोलण्यात येते. त्यात पाळ्या बदलत्या, झोपेचा पत्ता नाही, पोटात चहा आणि एनर्जी ड्रिंक, गालात तंबाखू. पॅनिकला एकच एक कारण नसतं, काही घराण्यांत ते असतंच, हे तुला ठाऊक आहे. पण जागरण, कॅफीन आणि निकोटीन ही तिन्ही काळजाची धडधड वाढवणारी, आणि आमच्याकडे तिन्ही एकाच खिशात सापडतात.

आमच्या खोलीवर ऑक्युपेशनल हेल्थ सेंटर अशी पाटी आहे, पोरं दवाखाना म्हणतात. पाचशेच्या वर कामगार असले की अशी खोली ठेवायलाच हवी, हे १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टने घालून दिलं. दोन कॉट, ईसीजी मशीन, ऑक्सिजन, ग्लुकोमीटर. डॉक्टर दिवसा असतात, तिसऱ्या पाळीत मी किंवा ब्रदर, आणि डॉक्टर फोनवर.

आता शिकवण्याचा पहिला धडा ऐक, कारण यातच लोक घसरतात. पोरगा तरुण आहे, घाबरलाय, म्हणजे पॅनिकच असणार, असं आपण मनातसुद्धा म्हणायचं नाही. पहिला अ‍ॅटॅक हा हार्टचाच धरायचा, जोवर ईसीजी आणि डॉक्टर दुसरं काही सांगत नाहीत. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघालाच पाहिजे. नाडी, बीपी, सॅच्युरेशन, शुगर, सगळं हातासरशी. पॅनिकमध्ये सॅच्युरेशन बहुधा चांगलंच असतं. ते ९४ च्या खाली दिसलं तर "घाबरलाय" म्हणून सोडून द्यायचं नाही, दम्यापासून फुप्फुसात अडकलेल्या गुठळीपर्यंत सगळं डोक्यात आणायचं. शुगर ७० च्या खाली असली तरी घाम, थरथर, धडधड अगदी अशीच दिसते. एकादशी धरून रात्रपाळीला आलेल्या माणसाला आधी साखर, मग बाकीचं. थायरॉइड वाढलेला, ठोक्यांची लय बिघडलेली, दोन दिवसांपूर्वी दारू एकदम सोडलेला, हे सगळे याच वेषात येतात. आणि कारखान्याचा म्हणून एक खास नियम: एका वेळी दोघा-तिघांना घाबरल्यासारखं होऊ लागलं, तर पॅनिक हा शब्द विसरायचा आणि पेंट शॉपमधलं सॉल्व्हंट किंवा गॅसगळती आधी शोधायची. पहिल्यांदा माणसं बाहेर, मग चर्चा.

बायकांच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहायचं. बाईचा हार्ट अ‍ॅटॅक पुष्कळदा डाव्या हातात कळ घेऊन येत नाही. जबडा दुखतो, पाठ भरून येते, मळमळतं, दम लागतो, नुसता थकवा जाणवतो. कॅज्युअल्टीत अशा बायका "गॅस झालाय, टेन्शन घेते फार" या नवऱ्याच्या शिफारशीसह यायच्या. शिफारस बाजूला ठेवायची आणि लीड लावायच्या. एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून भागत नाही, संशय असेल तर ट्रोपोनिन आणि पुन्हा ईसीजी. हे सगळं तुला पाठ आहे, पण नवीन मुलींसमोर मी सुरुवात इथूनच करणार.

आता धर की सगळं बघून झालं, हार्ट ठीक आहे. इथून पुढे आपल्याकडे काय होतं? सगळ्यांचा त्या माणसातला रस संपतो. डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे जातात, नातेवाईक म्हणतात "काही नाही ना? मग एक सलाईन लावून सोडा", सुपरवायझर म्हणतो "नॉर्मल आहे ना? मग चल लाइनवर." आणि पेशंट मात्र अजून मरतोच आहे. मला जे सांगायचंय ते एवढंच, शैले: ईसीजी नॉर्मल आला की डॉक्टरांचं निम्मं काम संपतं आणि नर्सचं सुरू होतं.

एका तिसऱ्या पाळीचं सांगते. प्रेस शॉपमधल्या एका पोराला चौघांनी उचलून आणलं. एकाच्या हातात कँटीनचा कांदा, दुसरा स्वतःचा सेफ्टी शूज काढून हुंगवायच्या तयारीत, तिसरा फोनवर कुणाला तरी "बाहेरचं वाटतंय" म्हणून सांगतोय. कांदा टेबलावर ठेवून घेतला, बूट पायात घालायला लावला, आणि सोबतीला एकच जण ठेवून बाकीच्यांना बाहेर काढलं. खोलीतली गर्दी निम्मी झाली की आजार निम्मा होतो, हे सिनिअर सिस्टर सांगायच्या ते खरं आहे. हेल्मेटचा पट्टा सोडला, कॉलर मोकळी केली. झोपायला सांगितलं तर तो आणखी घाबरला, म्हणून बसवूनच ठेवला. नाडी १२८, श्वास मिनिटाला ३४, सॅच्युरेशन १००, शुगर ९६. ईसीजी काढून डॉक्टरांना फोटो पाठवला. ठोके जलद, पण लय सरळ. बाकी काही नाही.

पोरगा मात्र आपल्या हातांकडे बघत होता. अंगठा तळव्यात ओढला गेलेला, बोटं ताठ होऊन एकत्र आलेली, पक्ष्याच्या चोचीसारखी. "सिस्टर, लकवा मारला मला." त्याला वाटणारच! भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो, रक्त अल्कलीकडे झुकतं, मोकळं कॅल्शियम कमी होतं, मग ओठांभोवती मुंग्या येतात आणि हाताची बोटं अशी आखडतात. मुंग्या आल्या की माणूस आणखी घाबरतो, आणखी भराभर श्वास घेतो. हे चक्र तोडायचं म्हणून आपल्याला कॉलेजात कागदी पिशवी शिकवली होती ना, तोंडाला लावून श्वास घ्यायची? ती आता मोडीत निघाली. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी दाखवून दिलं, की पॅनिक समजून पिशवी लावलेल्या माणसाचं दुखणं खरं हृदयाचं किंवा फुप्फुसाचं निघालं तर पिशवीने ऑक्सिजन कमी होऊन जीव जातो, आणि तसे गेलेही होते. मुलींना मी सांगणार, पिशवी भाजीसाठी.

"दीर्घ श्वास घे" हेसुद्धा सांगायचं नाही. तो आधीच गरजेपेक्षा जास्त श्वास घेतोय, त्यात मोठा घेतला की मुंग्या वाढतात. सांगायचं ते सोडायला, सावकाश. घेताना चार मोजायचे, सोडताना सहा. पण या पोराला आकडे जमेनात, दोनच्या पुढे जाईना. गळ्यात तुळशीची माळ दिसली. विचारलं, घरी वारी आहे का? मान हलवली. म्हटलं, मग श्वास घेताना मनात ज्ञानोबा म्हण, आणि सोडताना तुकाराम, पण तुकाराम लांबवायचं, तु-का-रा-म. मी स्वतः त्याच्यासमोर बसून तसाच श्वास घ्यायला लागले. आळंदी एका बाजूला, देहू दुसऱ्या बाजूला आणि मधे आमची प्रेस शॉप, तेव्हा हे काही कुठून लांबून आणावं लागलं नाही. ज्याच्या गळ्यात माळ नाही त्याला आपण दुसरं काही देतो. ओडिशाचा एक पोरगा जगन्नाथावर उतरतो, आणि एकजण मशीनच्या स्ट्रोकचा ताल धरून.

बोलायचं किती? फार थोडं. नर्सिंगच्या पुस्तकातल्या पेप्लाऊबाईंच्या चिंतेच्या चार पायऱ्या आठवतात ना, सौम्य, मध्यम, तीव्र आणि पॅनिक? परीक्षेला हमखास यायच्या. शेवटच्या पायरीवर माणूस काही शिकू शकत नाही, समजून घेऊ शकत नाही, हे तेव्हा आपण नुसतं घोकलं. आता रोज दिसतं. त्या वेळी कॅल्शियम समजावून सांगायचं नाही आणि "कसलं टेन्शन आहे तुला?" हेही विचारायचं नाही. चार-पाच शब्दांची वाक्यं. "मी इथेच आहे." "पाय जमिनीला टेकव." "ईसीजी बघितला, हृदय नीट चालतंय." "हे दहा-पंधरा मिनिटांत उतरतं." सगळी खरी वाक्यं, बघ. "काही झालेलं नाही" हे खोटं आहे. त्याला झालंय. "घाबरू नकोस" म्हणण्यात अर्थ नाही, तेवढंच त्याच्या हातात नाही. हात धरायचा तर विचारून, कारण काहींना कुणी धरलं की कोंडल्यासारखं होतं. आणि आवाज आपला खाली हवा. घाबरेपणा एकाकडून दुसऱ्याला लागतो, हेही पेप्लाऊबाईंचंच. लागायचाच तर शांतपणाही लागतो.

डॉक्टर फोनवरच होते, औषधाची गरज पडली नाही. आधी बोटं सुटली, मग श्वास उतरला, मग पोरगा ढसाढसा रडला. रडून झाल्यावर म्हणाला, "सिस्टर, कांदा कुठाय? भूक लागली."

आता तुला एक गोष्ट सांगते, ती मी मुलींना मुद्दाम सांगणार आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांची अशीच धडधड डॉक्टर दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये लिहून ठेवली होती, पण पुढे कितीतरी वर्षं तिला कधी हृदयाचं दुखणं म्हणत, कधी नुसती चिंता. मग १९५९ च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या हिलसाइड हॉस्पिटलमध्ये डोनाल्ड क्लाइन नावाचे डॉक्टर इमिप्रामिन हे नवीन औषध काही पेशंटना देऊन बघत होते. काही आठवडे गेले. पेशंटला विचारलं तर म्हणे काही फरक नाही. डॉक्टरांनाही दिसेना. फरक सांगितला तो वॉर्डातल्या नर्सिंगच्या लोकांनी. हे पेशंट रोज तीन-चार वेळा नर्सेस स्टेशनकडे "मी मरतोय" म्हणत धावत यायचे, कुणीतरी हात धरून वीस मिनिटं बोलत बसायचं, मग ते शांत व्हायचे. ते धावत येणं बंद झालं होतं! अ‍ॅटॅक येईल ही भीती तशीच होती, पण अ‍ॅटॅक थांबले होते. त्यावरून क्लाइन यांनी ओळखलं की पॅनिक आणि नेहमीची चिंता ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. १९६४ मध्ये त्यांनी ते मांडलं, आणि १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या ग्रंथात पॅनिक डिसऑर्डरला स्वतंत्र नाव मिळालं. म्हणजे बघ, हा आजार हाती लागला तो वॉर्डात कोण किती वेळा धावत येतं याच्याकडे लक्ष असलेल्या माणसांमुळे. मोजून ठेवलेलं आपलं वाया जात नाही. नर्सिंग नोट्स लिहायचा कंटाळा करणाऱ्या पोरींना याहून चांगलं औषध माझ्याकडे नाही.

अ‍ॅटॅक उतरला की खरं शिकवणं सुरू होतं. तेव्हा मी कागदावर चित्र काढून दाखवते: श्वास असा, मुंग्या अशा, हृदय असं. तुला वेड लागत नाहीये, तू मरत नाहीयेस, शरीराचा भोंगा चुकून वाजला. त्या दिवशी पोराला प्रेसवर परत पाठवायचं नाही आणि बाइकवर एकट्याला घरी सोडायचं नाही. दोन-चार दिवसांनी बोलावून शांतपणे विचारायचं, कर्ज किती, झोप किती, दारू किती, आणि जीव द्यावासा वाटतो का हेही सरळ विचारायचं. विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन येत नाही. असलेलं बाहेर येतं.

एक अ‍ॅटॅक म्हणजे आजार नव्हे, तसे पुष्कळांना आयुष्यात एखादा येऊन जातो. आजार होतो तो पुढच्या अ‍ॅटॅकच्या धास्तीने. एक पोरगा कंपनीच्या बसने येईना, का तर तळेगाव चौकात बस जाममध्ये अडकली असताना त्याला पहिला अ‍ॅटॅक आला होता. मग तो चालत यायला लागला, मग दाराजवळचीच जागा मागायला लागला, मग कँटीनला जाईना, बोटाला ऑक्सिमीटर लावून फिरायला लागला. टाळायला लागलं की जग आखडत जातं. त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवला. विचार आणि वागणं बदलायची थेरपी, म्हणजे सीबीटी, आणि रोज घ्यायची एसएसआरआय गोळी, जिला काम करायला काही आठवडे लागतात, असं दोन्ही चालू झालं. झोपेच्या जातीच्या गोळ्या झटक्यात बरं वाटवतात, पण त्यांची सवय लागते, म्हणून त्या थोडे दिवस आणि डॉक्टरांच्या हातूनच. आता तो बसने येतो, मधल्या सीटवर बसतो, आणि ट्रॅफिकला आम्ही देतो तशाच शिव्या देतो. बरा झाल्याची याहून मोठी खूण कुठली?

पाठवायचं कुठे हा प्रश्न असतोच. ज्याच्याकडे ईएसआयचं कार्ड आहे त्याला मोहननगरचं ईएसआय हॉस्पिटल, नाहीतर महापालिकेचं वायसीएम. पण पोरं जायला तयार नसतात, कारण ठेकेदाराला कळलं तर काम जाईल ही भीती. ती भीती खोटी म्हणायची माझी छाती नाही. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ही माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय, आणि विमा कंपन्यांनाही मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायला सांगितलंय. तेव्हा सुपरवायझर रजिस्टर चाळायला आला की मी रजिस्टर मिटते. "काय झालं होतं त्याला?" "तब्येत बरी नव्हती, आज विश्रांती." एवढंच. एकाने मला तोंडावर सांगितलं, "मॅडम, ही पोरं नाटकं करतात." म्हटलं, करून दाखवा, नाडी १२८ वर नेऊन दाखवा, बोटं तशी आखडून दाखवा, मी पण तुम्हाला आज सुट्टी देते.

सुपरवायझरांसाठीचा तास मी लहानच ठेवणार आहे. मशीन बंद करा, माणसाला सुरक्षित जागी बसवा, आम्हाला बोलवा, गर्दी हटवा, एकटं सोडू नका. कांदा, चप्पल, तोंडात जबरदस्तीने पाणी, गालावर चापट, हे काही नको. छातीत कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, शुद्ध जात असेल, तर एकाने लगेच १०८ लावा. आणि शेवटी, परत कामावर आल्यावर त्याला "काय रे, पॅनिक!" म्हणून हाक मारायची नाही. हे वाक्य मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिणार आहे.

आता तुझी पाळी. तुमच्या तिकडे अशा पेशंटजवळ बसायला नर्सला वेळ मिळतो का, की तिथेही बटण दाबलं की औषध? बाडेन-वुर्टेम्बर्गशी महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये करार केल्यापासून आमच्या इथल्या मुली जर्मनच्या क्लासला जातात आणि मला तुझा नंबर मागतात. त्यांना खरं काय सांगू ते सविस्तर लिही. व्हॉइस मेसेज नको, नाहीतर सासूबाई पुन्हा स्वयंपाकघर सोडून येतील.

तुझीच,
मंगल

ता.क. तुझ्या धाकट्या भावाला कामावर जायच्या आधी धडधडतं असं वहिनी म्हणत होत्या. त्याला आधी ईसीजी आणि थायरॉइड करायला सांग. ते ठीक आलं तर "काही नाही" म्हणून घरी बसू देऊ नकोस. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. त्याने नाही लावला तर मी त्याच्या घरी जाऊन लावीन, तो निगडीतच राहतो.